ओमाहा की डी मॉइन

डोरीन : आणि प्राणिसंग्रहालय? ते धरायचंच नाही का हिशेबात? कुठून कुठून लोक ओमाहाला येतात ते बघायला.

व्हर्ना : बघायला, डोरीन. मला आता हत्ती म्हणजे एक करडा डाग आणि वास. तेवढ्यासाठी ओमाहात राहू?

डोरीन : तू असं बोललीस की मला पुढे बोलताच येत नाही.

व्हर्ना : मग खा. तळलेलं पोर्क पावाच्या दोन्ही बाजूंनी बोटभर बाहेर आलंय, न बघता कळतंय मला. हे डी मॉइन. ओमाहात मिळतं असं?

डोरीन : ओमाहात स्टेक मिळतो. आणि पावात मावेल एवढंच मांस घालायची अक्कल आहे आमच्याकडे.

व्हर्ना : 'आमच्याकडे' म्हणे. आयोवाच्या शेतात वाढलीस, नवऱ्यामागे मिसुरी नदी ओलांडलीस आणि नेब्रास्काची होऊन बसलीस.

डोरीन : चाळीस वर्षं झाली त्याला. तू मुद्द्यावर ये. गावात एकटीनं निभणार नाही, हे तूच म्हणालीस. मार्चमध्ये लायसन्स परत केलंस.

व्हर्ना : सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि आता दुधाच्या बाटलीसाठी शेजाऱ्याच्या गाडीची वाट बघते. म्हणाले मी. म्हणून तर दोन्ही शहरं पायाखाली घातली. चार दिवस तुझ्याकडे, तीन दिवस इथे.

डोरीन : मग काय ठरलं?

व्हर्ना : तुमच्या त्या जुन्या बाजारात विटांचे रस्ते आहेत. काठी दर दुसऱ्या विटेत अडकते.

डोरीन : त्या विटांचे फोटो काढतात लोक.

व्हर्ना : काढू देत. मला पाय टाकायचाय. इथे हिवाळ्यात इमारतींना जोडणाऱ्या बंदिस्त पुलांवरून जाता येतं, बर्फाला पाय लावायला नको. आणि ती अंधांसाठीची शाळा इथे आहे. काठीनं चालायचं, चाकू धरायचा, बोटांनी वाचायचं, सगळं शिकवतात.

डोरीन : माझ्या घरी तुला चाकू धरायची वेळ कशाला येईल? खालची खोली रंगवून घेतलीय. पिवळा दिलाय, तुला ओळखू यावा म्हणून.

व्हर्ना : कधी रंगवलीस?

डोरीन : फेब्रुवारीत.

व्हर्ना : मी लायसन्स परत करायच्या आधी?

डोरीन : रंग स्वस्त मिळत होता.

व्हर्ना : डोरीन, पहिल्या दिवशी तुझ्या नवऱ्यानं, ड्वेननं, मला विचारलं, प्रवास कसा झाला. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, त्याच शब्दांत. चौथ्या दिवशी पुन्हा. आणि दर वेळी तू सिंकमध्ये भांडी आपटलीस.

डोरीन : सिंक जुनं आहे, आवाज होतो त्याचा.

व्हर्ना : डोरीन.

डोरीन : जानेवारीत डॉक्टरकडे नेलं त्याला. विसरत जाणार, म्हणाले. सावकाश, पण जाणार.

व्हर्ना : आणि मला सांगितलं नाहीस.

डोरीन : तुझे डोळे चाललेत, त्यात माझं रडगाणं कुठे गायचं? म्हटलं, तू खाली राहायला आलीस तर संध्याकाळी बोलायला कुणीतरी होईल. एकच गोष्ट चारदा न विचारणारं.

व्हर्ना : तरीच ओमाहाचं एवढं कौतुक चाललंय तीन दिवस.

डोरीन : प्राणिसंग्रहालय खरंच चांगलं आहे.

व्हर्ना : असेल. हे बघ, मी आत्ता आले तर तुला दोघांना सांभाळावं लागेल. इथे सहा-आठ महिने शिकते. मग ओमाहाला येते. तुझ्या घरात नाही, बसथांब्याजवळ कुठेतरी खोली घेईन. रोज संध्याकाळी तुझ्याकडे येईन, माझी मी.

डोरीन : तुझी तू? काल हॉटेलच्या फिरत्या दारात दोनदा फिरलीस.

व्हर्ना : ते दार मूर्ख आहे. थांब इथेच. हा रस्ता एकटीनं ओलांडून दाखवते. फोन कानाला ठेव, पण बोलू नकोस.

(व्हर्ना काठी उघडून सिग्नलपाशी जाते. डोरीन बाकावरच, फोन कानाला लावून.)

डोरीन : हिरवा झाला.

व्हर्ना : बोलू नको म्हटलं ना. गाड्या थांबल्यात समोरच्या. शेजारच्या निघाल्या. ऐकू येतंय सगळं.

डोरीन : जरा डावीकडे... नाही, काही नाही. चाल तू.

व्हर्ना : कड लागली काठीला. पोचले. डोरीन? आहेस का?

डोरीन : आहे.

व्हर्ना : नाक पूस. ड्वेनजवळ कोण आहे आत्ता?

डोरीन : त्याची बहीण आलीय. संध्याकाळपर्यंत थांबेल.

व्हर्ना : मग आत्ताच नीघ तू. मी इथून हॉटेलवर जाते, उद्या शाळेत नाव घालते.

डोरीन : तुझी पर्स बाकावर राहिलीय.

व्हर्ना : मग घेऊन ये. आणि रस्ता बघून ओलांड.