बकरीच्या तोंडात हात

मी अकोल्याचा, आमी पिंजारी, बाप तेल्हाऱ्याच्या कापसाच्या गाद्या भरे, मीबी तेच शिकलो, अन् लगन झाल्यावर बायकोले, जैबुनले, घेऊन मुंबईले गेलो. तिथी टीव्हीच्या केंद्रात गाद्या शिवाले बलावलं, तं बाहुल्यायचा कार्यक्रम चालू होता, काय सांगू तुमाले, सगये डोक्शाले हात लावून बसलेले. लाकडाची बाहुली दुरून गोड दिसे, पन कॅमेरा जवय गेला की तोंड मुर्दाड, ओठच हालत नाही, वरून दिव्यात दोरे चमकत. मी म्हनलं साहेब, गादीचा फोम देता का? फोम कापून बकरी केली, आत हात घातला, आंगठा खाली, बोटं वर, तिचं तोंड उघडलं, तं सगये हासले, म्हनले आता तूच चालव.

मंग काय, जमिनीवर चीत निजायचं, हात वर, अन् बाजूले एक टीव्ही, त्यात पाहून बकरी हालवायची. लोकाइले दिसे तेच आपल्याले दिसे. आरशासारखं नाही बाप्पा, उलटं, हात इकडं नेला तं बकरी तिकडं जाये. पयल्यांदा तं भिंतीकडं तोंड करून बोलली! जैबुन शेजारनीच्या घरी पाहे, अन् मी आलो की म्हने, तुमच्यापक्षा तुमची बकरी बरी बोलते.

तेच खरं झालं पाहा. आता अमरावतीले पोरीकडं राह्यतो आमी, रुख्सानाकडं. जैबुन सगयं इसरली. मले वयखत नाही. घास नेला की वरडते, हा कोन मानूस घरात घुसला, हाकला याले. पोरीच्या हातानंबी खाये नाही. डॉक्टर म्हने, असंच चाललं तं नाकातून नळी टाका लागन. मी रडलो, खोटं कावून सांगू. मंग पेटीतून जुनी बकरी काढली.

आता खाटेखाली निजतो, हात तेवढा वर काढतो. रुख्साना एका हातानं घास धरते, दुसऱ्या हातात मोबाइल, व्हिडिओ कॉल, जैबुनचं तोंड मले खाली माह्या मोबाइलात दिसते. बकरी म्हनते, खाय व जैबुन. अन् खाते ते! पन फोम सडला हो, हात घातला की भुगा पडते ताटात. नवी बकरी शिवली, तं फेकून देल्ली तिनं. अन् माहा खांदा, वर राह्यतच नाही, थरथर कापते. हे बकरी गेली तं मी काय करू? सांगा न, कोनाले इचारू?

परवा तिनं बकरीचा कान धरला, हयूच इचारलं, रुख्सानाचे अब्बा कुठी गेले व, लय दिवस झाले. मोबाइलात तिचे डोये भरलेले. वाटलं आसंच बाहेर निंघावं, म्हनावं मी इथीच हाओ, तुह्या खाटेखाली. पन निंघालो की वरडन, घास थुकन. बकरीच्या आवाजात म्हनलं, येऊनच राह्यले, तू एवढा घास खाय. तिनं खाल्ला. अन् बकरीचा खालचा ओठ तुटून माह्या तोंडावर पडला.

आज दोऱ्यानं शिवला, टिकते का नाही अल्ला जाने. चाला, तिच्या जेवनाची येळ झाली, मले खाली जा लागते. तुमच्या घरचे तुमाले वयखत राहो बाप्पा, यापक्षा मोठी दुआ माह्यापाशी नाही.