उंबऱ्यावरचा बांगडा

रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर पुण्याहून आलेल्या समाजशास्त्राच्या प्राध्यापक योगिनी दातार पेपर वाचत बसल्या होत्या. पुढच्या बाकावर त्यांच्याच अभ्यासाच्या गावातल्या मनिषा आणि आवडाबाई येऊन टेकल्या. योगिनीबाईंनी पेपर जरा वर धरला.

"आवडाबाय, त्या पुण्याच्या बाई उद्या येतायत. आपल्याला भांडायला हवं."

"गेल्या वर्षी भांडलो ना, कपड्यांच्या दोरीवरनं?"

"ते मिटलं. भांडण नाय तर तुझ्या उंबऱ्यावर बांगडा कसा ठेवू?"

"सगळं तुझ्या सासूनं करून ठेवलंय. बांगडा टाकला मांजरानं, नि ही बाईंना सांगते, आमच्यात भांडण असंच मिटवतात."

"बाई इतक्या आशेनं विचारत होत्या, नाय कसं म्हणणार? त्यावर पुस्तक झालं, बाई प्रोफेसर झाल्या."

"आता खरं सांगून टाकूया."

"कुठलं खरं? परवा माझ्या दिरानं आमच्या दारात बांगडा ठेवला. सहा वर्षं ह्यांच्याशी बोलत नव्हता."

"बाई गावात नसताना?"

"नसताना."

गाडी लागली. आवडाबाई उठताना मागे वळली.

"अगो बाय, मॅडम? कधी आलात?"

"आत्ताच," म्हणत योगिनीबाईंनी वही उघडली. "यंदा कुणाचं भांडण झालंय?"