जात्यावर आलेली वंदना

तुम्ही हसाल बायांनो, पण मी पाली वंदना शिकले ती जात्यावर!

धम्म घेतल्यानंतरची पहिलीच वर्षं. पुसदजवळच्या आमच्या वस्तीत एका पौर्णिमेला प्रथमच बाईनं वंदना सांगायची ठरली. पौर्णिमेचा उपोसथ, म्हणजे आठ शीलांचा उपास, मी नेमानं धरायची, म्हणून नाव माझं निघालं. काही पुरुष कुरकुरत होते. चुकले असते, तर पुन्हा कोणी बाईला विचारलं नसतं.

माझी धाकटी सुमी नुसतं ऐकून घडाघडा म्हणे. मी प्रत्येक शब्दाची मनात मराठी करायची, तोवर पुढचा शब्द पळून जायचा.

"माय, इतका इचार कायले करतं? म्हण ना नुसतं!" सुमी म्हणे.

मोठ्या माणसाचं डोकं कुठं ऐकतं! पण एका पहाटे दळता दळता वंदना ओवीच्या चालीवर तोंडात आली आणि शेवटपर्यंत गेली. मी आनंदानं वेडीच झाले.

पौर्णिमेला सगळ्यांपुढं बसले, तर एक शब्द आठवेना! घाबरून डोळे मिटले. हात आपोआप जात्यासारखा फिरू लागला, आणि आली की हो वंदना! मागून साऱ्या बाया त्याच चालीत म्हणू लागल्या.

वंदना ऐकायला आलेले यवतमाळचे गुरुजी चकित. "शब्द बरोबर आहेत, पण ही चाल कुठली?"

माझ्या सासूबाई ताडकन म्हणाल्या, "दळण बारीक निंगालं ना गुरुजी? मंग पुढच्या पुनवेले बी आमच्याच जात्यावर येऊ द्या!"