दांड्यावरची टोपी

नाही, टोपी नाहीये इथं, कोमाद्रे — गेटवरच्याला विचारलंत, मला विचारताय, अजून दहाजणांना विचाराल, उत्तर तेच येणार. बसा ना. खुर्चीवर बसा हो, जमिनीवर काय बसताय, मी काय जुना हासिएंडावाला जमीनदार आहे? आपलं नातं काय आणि तुम्ही — तुमच्या येसेनियाच्या बाप्तिस्म्याला तिला पाण्यावर कुणी धरलं? मीच ना, तिचा धर्मपिता म्हणून? तेव्हापासून तुम्ही माझ्या कोमाद्रे, मी तुमचा कोम्पाद्रे. तुमचा एलादिओ मला कोम्पाद्रे म्हणायचा, भर हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. मी किती वेळा सांगितलं, बाबा रे, कामावर असताना ‘सेन्योर ताफुर’ म्हण, नाहीतर बाकीचे डोक्यावर बसतात — पण नाही. भोळा होता. भोळाच म्हणायचा, दुसरं काय म्हणणार आता. हे त्याचे कपडे, कपाटात होते ते. शर्ट, पँट, स्वेटर, ही तुमच्या हातची शाल. बूट खरं तर दूधसंघाचे आहेत, परत घ्यायचे असतात, पण न्या, मी बघितलं नाही असं समजा. उद्या पाचवा दिवस, मला कळत नाही का? मी काय लिमाहून आलोय? माझ्या बापाचे कपडेसुद्धा आम्ही पाचव्या दिवशी नदीवरच धुतले. एक मोजा जरी धुवायचा राहिला तरी गेलेला माणूस दाराशी येऊन बसतो, माझी आई म्हणायची. पण टोपी सापडलीच नाही तर मी कुठून आणू? विणून देऊ?

आता हा कागद. घाबरू नका, कागद चावत नाही. तुम्हाला वाचता येतं माहितेय, तरी मीच वाचतो, शब्द जरा वकिली आहेत. ‘एलादिओ चिलोन, टाकी-सफाई कामगार, हा सोड्याच्या व्हॉल्व्हच्या दांड्यावर टोपी न अडकवता तीन नंबरच्या टाकीत उतरला.’ बस्स, एवढंच. पुढं ते ‘स्वतःच्या हयगयीमुळे’ वगैरे आहे, ते सगळ्याच कागदांत असतं. खाली सही. सही केलीत की तुम्ही राहता ती मागची खोली नाताळपर्यंत तुमच्याकडे राहील, मी स्वतः अध्यक्षांशी बोललोय. नाही केलीत तर — खोली कामगाराची असते, कोमाद्रे, कामगारच नाही तर खोली कुणाची? सोमवारी कुलूप लागेल. मी नाही लावणार, नियम लावेल. पेन्शन? हयगयीला पेन्शन कुठं असते? तुम्ही पण ना.

आणि टोपीचा नियम तर संघाचासुद्धा नाही, तुमच्याच माणसांचा आहे. टाकी दोन मजले उंच, झाकण वर, आतून दोराची शिडी. खाली उभ्या माणसाला कळतच नाही वर झाकण उघडं आहे की बंद, आत कुणी आहे की नाही. म्हणून आत जाणाऱ्यानं आधी खाली दांड्यावर आपली टोपी अडकवायची. दांडा फिरवला की टाकी धुणारा कढत कॉस्टिक सोडा आत सुटतो, म्हणून दांड्यावर टोपी दिसली की तो कुणी फिरवायचा नाही. आणि ज्याची टोपी त्यानंच काढायची, दुसऱ्यानं बोटसुद्धा लावायचं नाही — सख्ख्या भावानं नाही, फोरमननं नाही. बावीस वर्षं बघतोय मी. एकदा म्हातारा लियानो टोपी विसरून घरी गेला तर चार तास टाकी तशीच ठेवली गाढवांनी, माणूस घोड्यावरून त्याच्या गावी पाठवला, तो येऊन काढेपर्यंत कुणी हलेना! दूध फाटलं, पण हलेनात. तर असा नियम. मग तुम्हीच सांगा, दांड्यावर टोपी असती तर सोडा सुटला असता का? नाही ना? म्हणजे टोपी नव्हती. हिशेब सरळ आहे. सही.

करा विचार, मला घाई नाही. तशी आहे — चारला संध्याकाळचं दूध येतं, त्याआधी तीन नंबर धुऊन व्हायला हवी, ते बघा, दांडा फिरवणारा सेगुंदो खाली माझ्या घंटेची वाट बघत उभाच आहे. या काचेतून सगळा हॉल दिसतो मला. तिथं उभं राहिलेल्यांना मी दिसत नाही, गंमत आहे ना?

तुम्हाला वाटत असेल, ताफुर निर्दयी आहे. म्हणा. पण एलादिओला इथं चिकटवला कुणी? बाहेर रांग लागली होती त्या दिवशी, एकापेक्षा एक दांडगे गडी. मी त्याला बोट दाखवून बोलावलं. का? खांदे. टाकीचं तोंड एवढं — एवढंच बघा, माझ्या दोन वितींचं — आणि तुमच्या नवऱ्याचे खांदे बाईसारखे. मी म्हटलं, हा मांजरासारखा आत जाईल. गेला की नाही सहा वर्षं? वरच्या कड्याच्या मागं दुधाचा थर दगडासारखा बसतो, यंत्राचा फवारा तिथं पोचतच नाही, हातानंच खरवडावा लागतो. त्याच्यासारखं कुणी खरवडलं नाही, हे मी मोठ्या मनानं मान्य करतो. हातमोजे द्यायला हवे होते, मान्य. आहेत हातमोजे, कपाटभर आहेत, तपासणीच्या दिवशी सकाळी वाटतो आणि संध्याकाळी गोळा करतो, नाहीतर घरी नेतात, बटाटे काढायला वापरतात. बारा तास? बारा तासच, पण मधे अर्धा तास जेवायला. आणि सहकारी म्हणजे सगळे समान, असं ते कामगार सभेत ओरडत होते — कोमाद्रे, सहकारी कुणाची? गाई ज्यांच्या त्यांची! गाय असेल तो सभासद. कामगाराकडे गाय आहे का? नाही. मग तो मत कशावर देणार, शेपटीवर? एलादिओ हसायचा माझ्या या विनोदाला. सगळ्यात आधी तोच हसायचा.

रडू नका. बरं, रडत नाहीये, नाही तर नाही. अशा बघताय म्हणून म्हटलं.

त्या दिवशी मी इथं नव्हतोसुद्धा. गेटवर होतो. लिमाहून मोठ्या दुकानांची माणसं आलेली, तिघं, पांढऱ्या बुटांची. त्यांनी घेतलं तर आपलं चीज लिमात जाणार, म्हणजे तुमच्याच लोकांना काम ना? त्यांच्या कागदात आधीच लिहून आलेलं — हॉलमध्ये पांढरी जाळीची टोपी सोडून दुसरी टोपी नको, केस नको, पीस नको, गवताची काडी नको. मी सगळ्या गवती टोप्या सकाळीच बाहेरच्या खोलीत फेकायला लावल्या. आणि बघतो तर काय, तीन नंबरच्या दांड्यावर ही भलीमोठी, टोपी कसली, सूपच ते, बांबामार्का गावच्या विणीचं, गवती, मधोमध, हॉलच्या दारातून येणाऱ्याला पहिलं तेच दिसेल असं —

काय?

नाही, मी म्हणतोय, *असती* तर. असती तर दिसली असती. मी तेच सांगतोय. असती तर मी म्हटलं असतं, एलादिओ, बाहेर ये, पाहुणे आले. म्हटलं असतं कशाला, म्हटलंच. हाक मारली मी. दोनदा. एकदा तर नक्कीच. पंप चालू होते, ऐकू गेलं नसेल त्याला. आणि मला वाटलं, तो बाहेर पडतच असणार, त्याचं काम नेहमी अकराला आटपतं, घड्याळ लावावं असं. अकराला पाच मिनिटं कमी होती. पाच मिनिटांत काय होतं, सांगा? पाच मिनिटांत माणूस शिडी चढतो की नाही?

मग पाहुणे आत आले. कडक इस्त्री, हातात वही. विचारतात, टाक्या कोण धुतं? आता मी काय सांगू — एक अरुंद खांद्यांचा माणूस चमच्यानं खरवडतो? मी म्हटलं, सेन्योर, माणसाचा हात लागत नाही, सगळं यंत्र करतं. दाखवा म्हणाले. मी काय करायला हवं होतं? तुम्ही माझ्या जागी असतात तर? सेगुंदोला खूण केली. सेगुंदोनं दांड्याकडं बघितलं, दांडा मोकळा. त्यानं नियम पाळला, त्याचा काही दोष नाही. फिरवला. कढत सोडा वर चढला, गर्रकन फवारा, काय आवाज आहे त्याचा, पाहुणे खूष. आणि मग आतून ठक ठक सुरू झालं. ठक ठक ठक. आधी खाली, मग बाजूला, मग गोल गोल, शिडी शोधताना माणूस भिंतीवर जसा — त्यातल्या बाईनं विचारलं, हा आवाज कसला? मी म्हटलं, हवा आहे, पाइपात हवा अडकते. तिनं लिहून घेतलं. ‘हवा.’ मी त्यांना चीज चाखायला पुढच्या खोलीत नेलं, पटकन नेलं, मला काय आनंद होत होता का? तुकडे कापून कापून दिले मी त्यांना, बडीशेपेचं चीज, त्यांना फार आवडलं. तोवर इकडं ठकठक थांबली होती.

गेटवर. हो, गेटवरच होतो, आधी. नंतर आत आलो. सगळं तारीखवार लक्षात राहतं का माणसाच्या?

आणि त्याला बाहेर काढून नेल्यावर मी दवाखान्यातही आलो होतो, विसरलात? संत्री घेऊन आलो. डोळ्यांवर पट्ट्या, हाताला पट्ट्या, आणि तीन दिवस एकच धोशा — टोपी कुठंय, माझी टोपी कुठंय, मी अडकवली होती. मरताना लोक आई मारियाचं नाव घेतात, आणि हा टोपी मागतोय! नर्सला मी म्हटलं, ताप चढलाय, बडबडतोय. तुम्ही त्याच्या उशाशी होतात, तुम्ही त्याला म्हणालात, आणते मी. ऐकलं मी. कशाला असली वचनं द्यायची, ज्यांनी आपलंच नुकसान —

काय बघतेस तिकडं?

दारामागं माझा पोंचो आहे. पाऊस असतो, पोंचो लागतो. पोंचोखाली काही नाही. ती — ती माझी टोपी आहे. मला टोपी घालायची बंदी आहे का? डोक्याला लहान होते, माहितेय लहान होते, माझं डोकं मोठं, सगळ्या काहामार्का शहराला ठाऊक आहे. हात लावू नकोस. ओर्फेलिंदा, ऐक — बरं. बरं, घे. तुम्हीच विणलीत, तुम्ही ओळखणारच, चार महिने रस्त्यानं चालतानासुद्धा बोटं हलत होती तुमची, मीच चेष्टा करायचो, कोमाद्रे, गावभर गवत सांडताय. मी काही चोर नाही. चोर असतो तर जाळली असती. जाळायला गेलो त्या रात्री, चुलीपर्यंत नेली, पण मेलेल्याची टोपी जाळवत नाही हो, आतून त्याच्या घामाचा वास येतो, दुधाच्या निवळीचा वास येतो. म्हणून इथं टांगली. म्हणजे तुमच्यासाठीच ठेवली म्हणा ना! न्या. उद्या धुवा नदीवर, त्याला जाऊ दे शांतपणे, आणि मलाही जाऊ दे. आता पेन घ्या. टोपी मी दिली, सही तुम्ही द्या, कोमाद्रे-कोम्पाद्रेचा व्यवहार. टोपी सापडली म्हणून कागदात काही बदलत नाही — ती दांड्यावर होती हे तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला माहितेय? आणि तुमचं कोण ऐकणार?

कुठं निघालात? सही?

बरं, घरी न्या, रात्री वाचा, सकाळी आणा. सोमवारच्या आत. कपडे राहिले ना इथंच! कपड्यांचं गाठोडं, कोमाद्रे — आणि बाहेरचा रस्ता डावीकडं. डावीकडं! तो हॉलचा दरवाजा आहे, तिकडं जाळीच्या टोपीशिवाय — अहो, जिन्यावरून जपून, ओलं असतं.

काय करतेय ही? कुणी अडवा रे तिला! सेगुंदो! काचेमुळं ऐकू येत नाही, थांब, खिडकी उघडतो — सेगुंदो, त्या बाईला बाहेर काढ! बघतोस काय? तीन नंबरकडं का जातेय ती? ए, दांड्याला हात लावू नको, आत सोडा आहे कढत! ओर्फेलिंदा!

बरं झालं, नुसती टोपीच अडकवली. येडी झालीय दुःखानं. जाऊ दे, गेली. सेगुंदो, चल, काढ ती टोपी आणि फिरव दांडा, गाड्या गेटवर आल्यात. काढ म्हणतोय. अरे, आत कुणी नाहीये, वर जाऊन बघ झाकण! बघितलंस? नाहीये ना कुणी? मग? तू काढ रे, लियानो. तू तरी. पंप कुणी बंद केले? मी बंद करायला सांगितलं का? चालू करा! असे माझ्याकडं काय बघताय सगळे, कामाला लागा, दूध फाटेल! ज्याची टोपी त्यानंच — माहितेय मला नियम, मला शिकवू नका, ज्याची टोपी त्यानंच काढायची, हो, पण अरे, तो आता कुठून —