कुंपणाखालचा पुदिना

नाई जी, पुदिना नाई. घराच्या मागं ऊन येत नाई, भिंतीले ओल हाय, काहीच लागत नाई म्हणता ना तुमी — मंग अळू लावा अन् पुदिन्याचं नाव काढू नका. मी पाह्यलं, आत येता येता तुमी त्या कुडाच्या पलीकडे डोकावले. दिसते हिरवागार, वास येते, माणूस भुलते. त्याचं कामच ते हाय. बसा — तिथं नका बसू, ओल हाय, हा पाट घ्या. वांकिडीहून आले म्हणता? बैलबंडीनं? मंग पाठीचा भुगा झाला असन. आदिलाबादेत दुसऱ्या कोणाच्या दारी अळू नाई दिसलं तुमाले, भागाबाईचंच दिसलं? बरं. आले तर ऐका.

ही बोळ पाहा. बाराही महिने इथं ऊन म्हणून पडत नाई. इकडून माह्या न्हाणीचं पाणी येते, तिकडून त्या चंपतराव दुकानदाराच्या, अन् मधी कुंपण म्हणून हा कूड. माह्या मालकानं मळ्यातून एक गड्डा आणून टेकवला होता इथं. मालक गेले, मळा गेला, अळू हाय. पसरते का? पसरते न, कोण नाई म्हणते. पण इमानानं पसरते. मायच्या बाजूले पिल्लू, पिल्लाच्या बाजूले आणखी एक, कुठं चाललं ते डोळ्यानं दिसते. नको झालं तर कुदळ घ्या, काढा, उकडून खा. पाण्यात पाय ठेवून उभं राह्यते, सडत नाई. उन्हाळ्यात पाणी तुटलं तर वरून जाते, पण खाली गड्डा जित्ता असते — पाणी दाखवलं का पुन्हा कान वर. अन् पुदिना? तो चोर हाय. मातीच्या खालून मुळ्या सोडते, तुमाले वाटते शेजाऱ्याकडे हाय, अन् एका सकाळी पाहा तं तुमच्या चुलीपाशी. उपटला का मुळीचा तुकडा आत राह्यते, अन् त्या तुकड्याचं नवं झाड. अन् इतका जोर करून पानं केवढी, तं नखाएवढी.

खाजते? अळू खाजते म्हणता? ज्याले कापता येत नाई त्याले खाजते. हाताले तेल लावा, भाजीत चिंच टाका, अन् काळ्या देठाचं घ्या, मंग खाजून दाखवा म्हणा त्याले. ऋषिपंचमीले बैलाच्या मेहनतीचं चालत नाई, तवा ह्या साऱ्या गल्लीच्या बाया कोणाच्या दारी येतात? पुदिन्याच्या? माह्या दारी येतात. ती कौसल्याबाई बी येते — चंपतरावची बायको, पुदिनावाली. वर्सभर तोंड फिरवून चालते, अन् त्या दिवशी, 'भागाबाई, चार पानं द्या न.' देते मी. सणाच्या दिवशी नाई म्हणाव नाई म्हणून देते.

तो पुदिना आला कुठून तं ऐका. अव्वल तालुकदाराच्या, म्हणजे जिल्ह्याच्या मोठ्या सायबाच्या, बंगल्यावरचा बावर्ची चंपतरावच्या दुकानात मसाला घ्यायले येते. त्यानं दिल्या दोन काड्या. झालं. तवापासून कौसल्याबाई अशी चालते का जशी तालुकदारीनच. 'आमच्याकडे बंगल्यावरचा पुदिना हाय' — पुलावात टाकतात म्हणे तो. पुलाव केला का जी कधी त्या घरात? जवारीची भाकर अन् पुदिन्याची चटणी, झाला ह्याईचा बंगला. लावला तं लावा, पण फुटक्या माठात लावा, बूड काढून माठ मातीत पुरा, म्हणजे मुळ्या आतल्या आत फिरतात — हे मी सांगितलं होतं. ऐकते कोण? त्या घराचं सारंच असं हाय, कुंपण म्हणून ठाऊकच नाई. पुदिना इकडे, बकरी इकडे, कौसल्याबाईचं तोंड तर साऱ्या गावात. अन् पोरगी — पोरीचं तर विचारूच नका, दिवस उगवला का कूड सरकवून इकडे, दुपारी इकडे, सांजेले इकडे, घरी म्हणून पाय ठरत नाई तिचा.

काय? कोणती म्हणजे? पद्मिनी, चंपतरावची मोठी. अळू किती खोल लावाचं ते सांगू का आता — वीतभर खोल, अन् — वय? अळूले वय — अच्छा, पोरीचं. असन सोळा-सतरा. काऊन जी?

थांबा. थांबा जरा. मघापासून मी विचारून राह्यली, जागा केवढी हाय, तं तुमी म्हणता 'असन थोडीशी.' पाणी कुठून येते, तं 'येते कुठून तरी.' ज्याच्या घरामागं जागा असते त्याले तिथला दगड न् दगड ठाऊक असते. तुळशीचं लगन आताशी झालं, अन् वांकिडीचा माणूस नवं पागोटं बांधून, धुवट धोतर नेसून माह्याकडे अळूचा गड्डा मागाले आला. तहकीकात कराले आले तुमी. बोला न. पोरगा कोण, तुमचा? पुतण्या. बरं.

अन् उठले कुठं? बसा खाली. 'घरी पाय ठरत नाई' एवढं ऐकलं अन् उपरणं झटकलं — मोठे हुशार. आमच्यात बी हेच चालते, मले काही नवल नाई. पोरीच्या घरी जायच्या आंधी शेजारी बसाचं, इकडचं तिकडचं बोलाचं, अन् मधीच हळूच विचाराचं. शेजारी खरं सांगते म्हणे. कोणाच्या अकलेतून निघालं हे? ज्याचा कुडावरून तंटा, त्याच्याच तोंडून घराची पारख करतात. पुदिन्यावरचा राग होता माहा, अन् तुमी तो पोरीच्या पदरात बांधून चालले.

ती इकडे काऊन येते ते विचारलं का? नाई विचारलं. मंग आता न विचारता ऐका. गेल्या पावसाळ्यात ह्याच बोळीत घसरली मी अन् पाय मोडला. मालक नाई, पोटी कोणी नाई. पडली चिखलात, अन् अंगावर हे अळूचं पाणी टपकून राह्यलं. कोणी ऐकलं? त्या पोरीनं. कूड मोडून आली ती, सरकवून नाई. तिनंच हाड बसवणारा माणूस आणवला. मले न्हाऊ घातलं, माहं हागणं-मुतणं काढलं — सख्खी लेक नाक दाबते जी — अन् तिची माय तिकडून बोंबलून राह्यली का त्या बुढीचं तुले काय करणं हाय. मायले उलटून बोलली नाई, अन् येणं बी सोडलं नाई. आता बी मले वाकता येत नाई, तं अळू तीच कापते, तीच विकाले बसवून देते. पोट धरलं का पुदिन्याचा काढा आणते. हो, पिते मी. पिते. चांगला असते पोटाले. मी म्हटलं का नाई म्हणून? पसरते तेवढा खराब हाय, बाकी — जाऊ द्या, काढ्यापुरता ठीक हाय.

असे काय पाहता? रडून नाई राह्यली मी, राग येऊन राह्यला मले. तुमचाच. साऱ्या आदिलाबादेत तुमाले विचाराले मीच भेटली? ती पोरगी वांकिडीले गेली तं सांजेले ह्या घरात दिवा कोण लावन? तिचं जमलं नाई तं फायदा कोणाचा हाय, माहाच हाय न? मले काही खोटं बी बोलाचं काम नव्हतं. नुसतं 'जाऊ द्या जी, लोकाच्या घरच्या गोठी' म्हटलं असतं तरी तुमी बंडी फिरवली असती. अन् मी तं बोलूनच बसली होती, कळाच्या आंधीच. तुमी तसेच गेले असते मंग? गेले असते. अन् पोरीचं नाव वांकिडीपर्यंत खराब झालं असतं माह्या तोंडानं, अन् सांजेले तीच येऊन माह्या घरी दिवा लावती. घास उतरला असता का मले?

आता मी विचारते. पुतण्या शिंदी पिते? खाली काऊन पाहून राह्यले? सणावाराले. बरं, सणावाराले तं देव बी पिते ह्या मुलखात. हात उचलते का? त्याची माय कशी हाय? चांगली — सारेच चांगली म्हणतात. वांकिडीत तुमचे शेजारी कोण हायेत त्याईचं नाव सांगा मले, मी बी बसते जाऊन त्याईच्या ओट्यावर. हसू नका, मी जाईन. ह्या पायानं जाईन. एवढं ध्यानात ठेवा का पोरगी मुकी नाई, गरीब बी नाई, पण दुसऱ्याचं दुखणं तिले पाहवत नाई, अन् अशा पोरीले लोकं राबवू राबवू मारतात. तुमच्या घरी तसं झालं तं —

चूप बसा. कूड वाजला.

कोणी नाई गं पद्मे, वांकिडीचे पाव्हणे हायेत. अळू पाह्यजे त्याईले. नाई, तू नको काढू, हात भरवू नको. घरी जा. तुह्या मायले म्हण पोहे भिजू घाल, चांगले मूठभर जास्तच घाल. अन् तू ते हिरवं लुगडं नेस. काऊन म्हणजे? सांगितलं तेवढं कर, सारं विचारलंच पाह्यजे का? दिवा मी लावते आज. मले येते लावता. जा न माय.

उठा आता तुमी. कुडातून नका जाऊ, मोठ्या दारानं जा, पाव्हण्यासारखे. इथं बसले होते म्हणून तिकडे बोलू नका. अन् माह्याकडे पाहत उभे नका राहू, जा.