एडफूचा ऊस

मला इजिप्तचं विचारू नका, डोकं फिरतं. नाईलकाठी एडफू नावाचं छोटं गाव आहे. तिथलं प्राचीन देऊळ पाहायचं म्हणून मी नोकरीभर पुस्तकं वाचत आलो. आमच्या सहलीची बोट तिथे थांबणार होती दोन तास. धक्क्यावरून देवळाकडे टांग्याने निघालो. सोबत देवळाली प्रवराचे बागायतदार बापूराव आणि त्यांचे दोन भाऊबंद.

वाटेत ऊस दिसला आणि बापूरावांनी टांगा थांबवला. तिघेही फडात शिरले. कांडी चाचपली, पाचट उचकलं, तिथल्या शेतकऱ्याला हातवारे करून पाण्याच्या पाळ्या विचारल्या.

"बापूराव, वेळ चाललाय! देऊळ राहील!" मी टांग्यातून ओरडलो.

"भाऊसाहेब, दोन हजार वर्सं उभं हाय म्हनता ना? मग आजून तासभर दम धरंल की."

ते परतले तेव्हा टांगेवाल्याने घड्याळ पाहिलं आणि घोडं थेट बोटीकडे वळवलं. देवळाची भिंत मला लांबून दिसली, तीही मागे वळून पाहिल्यावर.

बोटीवर मी सगळ्यांकडे पाठ करून कठड्याशी बसलो. शेवटी बापूराव सोललेलं कांडं घेऊन आले.

"राग सोडा, भाऊसाहेब. ह्यो ऊस न्हाई बघितला आसता तरी चाललं आसतं. आपल्या उसापुढं ह्ये निस्तं पानी हाय."