मोलगीचा लाल चौकोन

बन्सीलाल : ऊठ आते तठून, कामिनी. मी पोलीस ठाण्यावर जाई ऱ्हायनू. आफिसले कुलूप लावनं शे.

कामिनी : पाचच मिनिटं, काका. मला एक सांगा, लखनदादा जेवतो कधी?

बन्सीलाल : काय?

कामिनी : जेवतो कधी, झोपतो कधी? हे बघा ना, अक्कलकुव्याच्या टॉवरवरच्या राउटरमधली नोंद. सकाळी तुम्हीच, पासवर्ड दिसू नये म्हणून मला तोंड फिरवायला लावून, उघडून दिलीत. कुणीतरी चुकीचा पासवर्ड टाकून आत शिरायला बघतंय. दर पाच मिनिटांनी. दुपारी, संध्याकाळी, पहाटे, एकदाही खंड नाही. माणूस निदान चहाला तरी उठेल की नाही?

बन्सीलाल : तेच तर पोलिसेसले सांगनं शे. लखन नही ते कोन? आपला बठ्ठा टॉवर त्यानी उभा करात. जुना पासवर्ड त्याले तोंडपाठ. मन्हं काम सोडी दिन्हं, नंदुरबारले सोतानं नेटनं दुकान टाकं, आनि आते मन्हा गिऱ्हाइक पळावाले रातदिन दार ठोकी ऱ्हायना.

कामिनी : सख्खा भाचा आहे तुमचा.

बन्सीलाल : तू त्याना जागावर इसन चार दिन नही व्हयनात, आनि त्यानीच बाजू लेस? भाचा शे म्हनीसनच थांबनू इतला दिन. पयले रंजनाले फोन करा. म्हनं, तुन्हा पोऱ्या मन्हं घर फोडी ऱ्हायना, त्याले समजाड.

कामिनी : मग रंजनाफुई काय म्हणाली?

बन्सीलाल : म्हननी, मन्हा पोऱ्याले चोर म्हननारा भाऊकडे मी आखाजीना सनले येवाव नही. लगीन व्हयनं तवयपाइन एक आखाजी चुकनी नही तिन्ही. आंबाले झोका मी सोता बांधस तिन्हाकरता. केस पांढरा व्हयनात, तरी आल्याबरोबर पयले झोकावर बठस. माले काय बरं वाटी ऱ्हायनं का, पोरी?

कामिनी : म्हणूनच विचारते. एकदा तक्रार दिली की ती तोंडातून गेलेल्या शब्दासारखी, परत घेता येत नाही. पासवर्ड कधी बदललेत तुम्ही?

बन्सीलाल : तो गया त्याच हप्ताले. जीप करी, एकेक टॉवरले सोता गऊ. कोनलेच सांगं नही.

कामिनी : आणि हे ठोठावणं?

बन्सीलाल : त्याच दिनपाइन. पडदावरना ह्या टॉवरना चौकोन बी तवयपाइनच लाल. पयले बठ्ठा हिरवा व्हतात, केळीना बागनागत. पन एक गोष्ट माले समजत नही. चोर आत जास नही, नेट बंद पडत नही, कोनी तक्रार नही, मंग बठ्ठं लाल कसाले?

कामिनी : अहो, तेच तर! तेच मला झोपू देत नाहीये. काका, टेबलाखाली ती निळी वायर दिसते? त्या छोट्या डब्याची?

बन्सीलाल : तो लखननीच बसाडेल शे. मॉनिटरिंगना. पडदावर चौकोन दखाडस तो.

कामिनी : वायर काढा.

बन्सीलाल : कसाले?

कामिनी : बघू तरी काय होतंय.

बन्सीलाल : काढी. ले, चौकोनच गयात. आते?

कामिनी : आता चहा. ठाणं कुठे पळून जात नाही. मी अक्कलकुव्याची नोंद लॅपटॉपवर उघडी ठेवते.

(चहा येतो. दोघेही लॅपटॉपकडे बघत पितात. कप रिकामे होतात.)

बन्सीलाल : ठोकं का त्यानी?

कामिनी : नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच खंड पडला. लावा वायर.

बन्सीलाल : लावी.

कामिनी : थांबा, डबा चालू होऊ द्या... आलं! चुकीचा पासवर्ड. आलं बघा, काका!

बन्सीलाल : म्हंजे लखन आपला टेबलखाल बठेल शे का?

कामिनी : लखनदादा नाही हो! हा डबा ठोठावतोय. आपलाच डबा! त्याचं कामच ते. दर पाच मिनिटांनी प्रत्येक टॉवरच्या राउटरमध्ये डोकवायचं, सगळं ठीक असलं की चौकोन हिरवा करायचा. बसवताना दादानं त्यात तेव्हाचा पासवर्ड भरून ठेवला. तुम्ही टॉवरवरचे बदलले, ह्यातला तसाच राहिला.

बन्सीलाल : कुलूप बदली टाकं, आनि राखनदारले नवी किल्ली दिन्हीच नही.

कामिनी : तो बिचारा जुनी किल्ली घेऊन दार वाजवतोय, आत जाता येईना म्हणून लाल दाखवतोय. आणि आपण त्यालाच चोर समजतोय.

बन्सीलाल : आरे देवा. मी रंजनाले काय काय बोलनू.

कामिनी : आधी किल्ली देऊ. इथे एकदाच भरायचा, सगळ्या टॉवरना लागू होतो. सांगा पासवर्ड.

बन्सीलाल : मी टाकस. तू तिकडे दख.

कामिनी : अजूनही माझ्यावर भरवसा नाही?

बन्सीलाल : भरोसानी गोष्ट नही, बेटा. तिकडे दख.

कामिनी : बघते बाई तिकडे. झालं?

बन्सीलाल : व्हयनं. दख, दख! प्रकाशा हिरवं. तळोदं हिरवं. अक्कलकुवा बी!

कामिनी : आणि मोलगी?

बन्सीलाल : लाल.

कामिनी : थांबा. इथे वेगळंच लिहिलंय. बाकीच्यांना ‘पासवर्ड चुकला’ असं येत होतं. मोलगीला येतंय ‘उत्तर नाही’. काका, मोलगी खरंच बंद आहे. कालपासून.

बन्सीलाल : माले दिसनं कसं नही?

कामिनी : सगळंच लाल होतं, त्यात एकाचं खरं दुखणं कुणाला दिसणार?

बन्सीलाल : कालदिनपाइन लखनना फोन इ ऱ्हायनात. मी उचला नहीत. वाटनं, भांडाले करी ऱ्हायना.

कामिनी : लावा. स्पीकरवर लावा.

लखन : मामा? तुमी? मी कालदिनपाइन फोन लाई ऱ्हायनू!

बन्सीलाल : कोठे शे तू?

लखन : मोलगीले. इंद्रसिंगना रेशन दुकानना धाबावर. वादळमा आपली नेटनी डिश फिरी गयी. त्याले सवय मन्ही, त्यानी मालेच फोन करा. तुमी उचलत नही म्हनीसन मीच चढनू वर. आज बाजार शे, मामा. रेशनना मशीनवर आंगठा लागत नही. लोके पाडापाडावरथून पायी येल शेत, तसाच बठेल शेत.

कामिनी : मग डिश?

लखन : डिश सरळ करी. पन राउटरनी सेटिंग करनी पडी, आनि तो आत जाऊ देत नही. आतेच जुना पासवर्ड टाकी दखा, लागना नही.

कामिनी : बघा काका, आज कुठे दादानं खरोखरचं दार वाजवलं!

लखन : काय म्हननी ती?

बन्सीलाल : काही नही. आपुन आठूनच बदली टाकू ना, कामिनी.

कामिनी : इथून तिथे पोहोचतच नाही, बदलणार कसा? तिथे उभा आहे त्यानंच टाकायला हवा. सांगा त्याला.

बन्सीलाल : दुसरी काही तरकीब?

कामिनी : काका, लोक उन्हात बसलेत!

लखन : ऱ्हाऊ द्या, मामा. मन्हावर भरोसा नसना, ते तुमीच या जीप करीसन. मी थांबस तवलोंग.

बन्सीलाल : तसं नही रे. लिख. इंग्रजीमा. एल, ए, के, एच, ए, एन.

लखन : हाई ते मन्हं नाव शे.

बन्सीलाल : पुढे शे अजून.

लखन : सांगा.

बन्सीलाल : सी. एच. ओ. आर.

कामिनी : काका!

बन्सीलाल : रागमा ठेवं व्हतं. लखन? आयकी ऱ्हायना का?

लखन : टाकी ऱ्हायनू.

बन्सीलाल : माले माफ कर, बेटा. मन्हंच चुकनं. राखनदार आपला टेबलखाल व्हता, मी तुले चोर म्हनं.

लखन : पासवर्ड लागना, मामा. सेटिंग बी करी.

कामिनी : हिरवी! मोलगी हिरवी झाली!

लखन : खाल आंगठा बी लागना. इंद्रसिंग हात हलाई ऱ्हायना. मामा, हाऊ पासवर्ड बदली टाका आते.

बन्सीलाल : तूच बदल. आतेच, तठेच. तुन्हा मनमा येई तो ठेव, माले सांगू बी नको.

कामिनी : अहो, मग आपल्या डब्यात तो भरणार कोण?

बन्सीलाल : लखनच भरी. आखाजीले मायले लई येई तवय.

लखन : माय भलती रागमा शे, मामा.

बन्सीलाल : व्हई. तिले मी आतेच फोन करस. काय म्हनी ते आयकी लेसू.

कामिनी : पण काका, आखाजीपर्यंत मोलगी लालच दिसेल. मधे खरंच बंद पडली तर आपल्याला चौकोनावरून कळणार कसं?

बन्सीलाल : लखन फोन करी. मी उचलसू.